ज्यांनी आमचं सुतक धरलं

आप्पासाहेबांची आणि माझी पहिली भेट शिरूरच्या मिशन शाळेत, चौथीच्या वर्गाच्या दारात झाली. मी मुलांकडून त्रैराशिकाची गणितं करून घेत होतो. दारात पांढरा फेटा, उन्हानं रापलेला चेहरा, काखेत छत्री असे एक गृहस्थ येऊन उभे राहिले. पाटील मंडळी शाळेत येतात ती एखाद्या भाच्याला वर चढवा म्हणायला, असा माझा अनुभव, म्हणून मी आधीच चेहरा कडक केला. त्यांनी हात जोडले आणि विचारलं,

"मास्तर, तुमच्या घरात बोरखेडच्या पाटलांचं सुतक धरत्यात का?"

वर्गातली मुलं फिदीफिदी हसली. मी म्हणालो, "आम्ही ख्रिस्ती आहोत, साहेब. आमच्यात सुतक नसतं."

"तुम्ही ख्रिस्ती, ते ठाव हाय मला. म्हणून तर विचारतोय. आमच्यातलं कुणी मिशनात गेल्याचं कानावर आलंय. घरात कुणी जुनं माणूस असंल तर त्यांना विचारा. मी बसतो हितं."

आणि ते खरोखरच व्हरांड्यातल्या बाकावर शाळा सुटेपर्यंत बसून राहिले.

हेच बोरखेडचे दत्ताजीराव पाटील, म्हणजे आपले आप्पासाहेब. आज त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात मी चार शब्द लिहावेत अशी संपादकांनी आज्ञा केली. ग्रंथात थोर मंडळींचे लेख असणार. आप्पासाहेबांची शेती, त्यांनी गावात आणलेली सोसायटी, शाळेला दिलेली जागा यांवर ती मंडळी लिहितीलच. मी लिहिणार आहे ते त्यांच्या वंशावळीच्या नादाबद्दल. तो नाद त्यांना नसता, तर माझं नाव या ग्रंथाच्या आसपासही फिरकलं नसतं.

भीमेकाठी बोरखेडच्या पाटलांची मोठी बागायत. ऊस, गुऱ्हाळ, चार मोटांच्या विहिरी आणि पिढ्यान्‌पिढ्यांची पाटीलकी. एवढ्या मोठ्या घराण्याचा कुळवृत्तांत नसावा ही खंत आप्पासाहेबांनी मनावर घेतली. पण लिहिणार कसा? जुने कागद होते ते इनामाचे आणि तंट्यांचे. कोण कोणाशी भांडलं एवढंच त्यांतून कळे. तेव्हा आप्पासाहेबांनी स्वतःची एक पद्धत शोधून काढली. ते घरोघर जात आणि एकच प्रश्न विचारत: तुम्ही कोणाचं सुतक धरता? माणूस पणजोबाचं नाव विसरेल, पण कोण गेलं की आपल्या घरी दहा दिवस देवाला हात लावायचा नाही, दहाव्याला कोणाबरोबर डोकं करायला बसायचं, हे विसरत नाही. त्या धाग्यानं मागं मागं गेलं की मूळपुरुष सापडतो, असं त्यांचं म्हणणं.

पद्धत पक्की होती, पण तिला वेळकाळ नव्हता. एकदा मांडवगण फराट्याला ते एका लांबच्या भाऊबंदाच्या दारात पोचले आणि ओटीवर बसता बसता त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. आत हळद लागत होती हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. त्या घरच्या आजीबाई हळदीच्या हातांनी बाहेर आल्या. "लगनाच्या घरात सुतकाचं नाव काढतोस व्हय रं? आई-बापानं काय शिकवलं का न्हाई?" आप्पासाहेब मुकाट्यानं उठले, कुंपणाबाहेर जाऊन उभे राहिले आणि तिथून ओरडून विचारलं, "आजी, लगीन झाल्यावर आलो तर सांगाल का?" ते पुन्हा गेले, आणि आजीबाईंनी त्यांना चार पिढ्या सांगितल्या, वर पुरणपोळीही वाढली.

एस.टी.च्या कंडक्टरलाही त्यांनी सोडलं नव्हतं. तिकीट फाडता फाडता तो कोणाचा कोण हे निघायचं, आणि यवतच्या स्टँडवर गाडी उभी करून दोघं नातं जुळवत बसायचे. मागचे उतारू काय म्हणत असतील याची आप्पासाहेबांना पर्वा नसे. त्यांच्याबरोबर प्रवास करणाऱ्यानं शिदोरी जादा घ्यावी, हे मी अनुभवानं सांगतो.

असो. त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्यांना घरी घेऊन गेलो. माझे वडील दाविदराव, ज्यांना आम्ही बाबा म्हणत असू, तेव्हा ऐंशीच्या घरात होते. बोरखेडचं नाव ऐकताच बाबांनी हातातली काठी बाजूला ठेवली. मग जे सांगितलं ते मीही प्रथमच ऐकत होतो. बाबांचे वडील सखोजी हे बोरखेडच्या पाटलांपैकीच. आप्पासाहेबांचे आजोबा राणोजी, त्यांचे हे सख्खे धाकटे भाऊ. मोठ्या दुष्काळात सखोजी मिशनच्या कामावर गेले, तिथलं अन्न खाल्लं, पुढं ख्रिस्ती झाले. भाऊकी नदीवर गेली आणि तिनं त्यांच्या नावानं आंघोळ केली. माणूस जिवंत, पण आपल्याला मेला.

"पर बोरखेडात कुणी गेल्याचं कळलं," बाबा म्हणाले, "की बाप त्या दिशी चूल पेटवू देत नसं. दिवसभर प्रार्थना करायचा. सुतक म्हणायचा न्हाई तो. पर जेवायचा बी न्हाई. बाप गेल्यावर मी तेच करत आलोय."

लहानपणी मधूनच एखाद्या दिवशी घरात चूल का पेटत नाही, हे आम्हा भावंडांना कधी कळलं नव्हतं. आम्हाला वाटे, आईला बरं नाही.

आप्पासाहेबांनी उठून बाबांचे पाय धरले. नात्यानं बाबा त्यांचे चुलत चुलते. बाबा त्यांना म्हणाले, "जमीन नको, मानपान नको. माझ्या बापाचं नाव तेवढं झाडाला लाव बाबा. माझे डोळे मिटायच्या आत लाव."

"लावतो, काका," आप्पासाहेब म्हणाले.

शब्द देणं सोपं होतं. वंशवृक्ष एकट्या आप्पासाहेबांचा नव्हता, साऱ्या भाऊकीचा होता. मारुतीच्या देवळात भाऊकी बसली. विरोधात सर्वांत पुढं होते आप्पासाहेबांचे चुलतभाऊ तात्यासाहेब. माणूस मनानं वाईट नाही. आज ते माझे थोरले भाऊ आहेत आणि हा लेख ते वाचणार आहेत, हे मनात ठेवूनच लिहितो. पण कूळकायद्यानं तेव्हा बागायतदारांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तात्यासाहेब म्हणाले, "आज नाव लावलं, उद्या जमिनीचा उतारा मागतील. आन् ज्याच्या नावानं आंघोळ झाली त्याचं नाव पुन्हा लावायचं म्हंजी वाडवडलांना खोटं पाडायचं." भाऊकीनं माना डोलावल्या.

आप्पासाहेब भांडले नाहीत. "झाड अपुरं हाय तर छापायचं न्हाई," एवढंच बोलून त्यांनी कित्येक वर्षांचं काम फडताळात ठेवून दिलं. मात्र शिरूरला येणं थांबवलं नाही. दर हंगामात गुऱ्हाळातली पहिली काकवी आमच्या घरी येई, आणि आणणारे स्वतः आप्पासाहेब असत. बाबा दर खेपेला विचारत, "लावलं का रं?" आप्पासाहेब म्हणत, "लावतो, काका." मला दोघांचीही दया येई. बाबांच्या हाती दिवस थोडे उरले होते, आणि भाऊकीची हट्ट सोडायची तयारी नव्हती.

बाबा वैशाखात गेले. आप्पासाहेबांच्या लेकीचं, सुमनचं, लग्न तेव्हा अगदी तोंडावर आलं होतं. दारात मांडव पडला होता, वऱ्हाड यवतहून यायचं होतं. मी मुद्दामच बोरखेडला निरोप धाडला नाही. कळल्याशिवाय सुतक लागत नाही, ही आपल्याकडची जुनी सोय आहे. कार्य असलं की लोक बातमी दाबून ठेवतात, आणि त्यात कोणी वाईट मानत नाही. बाबांनीही हेच सांगितलं असतं. पण शिरूरच्या बाजारातून परतलेल्या एका माणसानं मांडवात बसून सहज बातमी सांगितली.

पुढचं मला आप्पासाहेबांच्या पत्नीनं, म्हणजे आमच्या वहिनीसाहेबांनी, मागाहून सांगितलं. आप्पासाहेब खांबाला टेकून उभे होते ते खाली बसले. तात्यासाहेब घाईघाईनं जवळ आले.

"दत्ताजी, ऐकलंच न्हाई म्हण. लगीन उरकू दे. मग काय ते बघू."

"ऐकलं, तात्या. कान माझे हायत."

"अरं, पर त्यांचं सुतक आपल्याला कसलं? आज्ज्यापंज्यांनी आंघोळ केली की त्यांच्या नावानं!"

"सखोजीच्या नावानं केली. दाविदकाकाच्या नावानं कुणी केली? आन् मला एक सांग, परक्याच्या नावानं कुणी अंगावर पाणी घेतं का? आपला होता म्हणूनच केली ना? आंघोळ करून आज्ज्यापंज्यांनीच लिहून ठिवलंय की हा आपला हाय. मी नवीन काय लावतोय?"

आप्पासाहेब विहिरीवर गेले, अंगावर पाणी घेतलं, आणि त्यांनी यवतला निरोप धाडला: घरात सुतक आहे, लग्न पुढं ढकलावं लागेल, राग आला तर सोयरीक मोडायचा तुम्हाला अधिकार आहे. वहिनीसाहेब सांगत होत्या, तो निरोप गेल्यावर सुमन माजघरात रडत होती आणि त्या स्वतः नवऱ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. मुलीच्या बापानं हळदीच्या तोंडावर असा निरोप धाडणं म्हणजे काय, हे आपल्या मुलुखात कोणाला सांगायला नको.

आम्ही कबरस्तानात होतो. पाळकसाहेबांचं वाचन संपत आलं होतं. फाटकातून आप्पासाहेब आत आले. डोक्याला फेटा नव्हता. त्यांना तसं मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून क्षणभर ओळखलंच नाही. ते मंडळीत येऊन माझ्या शेजारी उभे राहिले, माझ्यामागून त्यांनी मूठभर माती टाकली आणि म्हणाले, "काका, उशीर झाला." मी तोवर रडलो नव्हतो. तेव्हा रडलो.

यवतहून उत्तर आलं ते व्याह्यांच्या तोंडून, कारण ते स्वतःच आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मांडवाकडं वर पाहिलं आणि म्हणाले, "सुतक हाय म्हंजी हाय. त्यात विचारायचं काय? डहाळ्या वाळतील, तवा नव्या लावा." निरोप गेल्यापासून वहिनीसाहेबांनी त्या दिवशी पहिल्यांदा नवऱ्याला पाणी दिलं.

दहाव्याला मी बोरखेडला गेलो. आमच्या धर्मात दहावं नाही, पण आप्पासाहेब एकटेच नदीवर बसणार म्हटल्यावर मला घरी बसवेना. न्हाव्यासमोर ते बसले होते. अर्धं डोकं झालं होतं. काठावर भाऊकीची दहा-वीस माणसं लांब उभी होती, जवळ कोणी येईना. तेवढ्यात तात्यासाहेब चालत आले, आप्पासाहेबांच्या शेजारी बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि न्हाव्यावर खेकसले, "बघतोस काय? ह्याचं झालं की माझं कर. आन् वस्तरा परजून घे." मग आप्पासाहेबांकडं न बघताच म्हणाले, "एका घरात एकाचं डोकं भुंडं आन् एकाचं केसाळ, बरं दिसतं का?"

त्यांच्या मागून एकेक करत सगळे बसले.

सुमनचं लग्न पुढं थाटात झालं. आम्ही शिरूरची मंडळी भाऊकीच्या पंगतीत जेवलो. वाढायला तात्यासाहेब होते. मला त्यांनी इतका आग्रह केला की तो जुना राग काढताहेत अशी मला शंका आली.

कुळवृत्तांत मग फडताळातून निघाला आणि छापला गेला. सखोजींचं नाव राणोजींच्या शेजारी आहे, खाली बाबा, त्यांच्याखाली मी आणि माझी मुलं. जिथं भाऊकीनं आंघोळ केल्याची हकीकत आहे, तिथं आप्पासाहेबांनी ती लपवली नाही. स्पष्ट लिहिली आहे. शेवटी एक प्रकरण अजून आहे. पाटलांच्या उसात पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या घरांची नावं त्यात आहेत, आणि आपल्या पूर्वजांनी त्यांना कसं वागवलं तेही आहे, चांगलं तसं वाईटही. त्यांच्यातला एक म्हातारा गडी म्हणाला होता, "आमची नावं कशापायी, मालक? आम्ही काय भाऊकी हाय व्हय?" आप्पासाहेब म्हणाले, "सुतक न्हाई आपलं. पर ऊस तुमचाच हाय की." भाऊकीतल्या काहींना ते प्रकरण अजून खुपतं. आप्पासाहेबांना त्याचं काही नाही.

मी शाळामास्तर. माणसाची परीक्षा घेण्याची मला सवय आहे. वंशावळी लिहिणारे पुष्कळ असतात, बहुतेकजण आपण किती मोठ्यांचे वंशज हे दाखवण्यासाठी लिहितात. आपलं कोण सुटलं हे शोधायला उन्हातान्हात हिंडणारा आणि ते सापडल्यावर पोटच्या पोरीचं लग्न पणाला लावणारा माणूस मी एकच पाहिला. मला त्यांचा फार अभिमान वाटतो, आणि ते माझे भाऊ आहेत हे मी कोणी न विचारताही सांगतो.

आप्पासाहेब, मंगल कार्याच्या घरी सुतकाचं नाव काढू नये, हे मांडवगणच्या आजीबाईंनी तुम्हाला शिकवलंय. तरी आज मी काढतोच, तुमचाच भाऊ आहे. तुमचं सुतक धरणारं एक घर आता शिरूरच्या मिशन आळीतही आहे. आमच्या घरातली चूल त्या दिवशी विझलेली राहील, आणि का, हे आता आमच्या लेकरांना ठाऊक आहे. पण आम्हाला कसलीही घाई नाही. माझा नातू आज रांगतो आहे. त्याचं डोकं पांढरं होईतो तुम्ही हाती छत्री घेऊन असेच दारोदार फिरत राहा, आणि त्या दिवसापर्यंत आमची चूल रोज पेटत राहो, हीच त्या परमेश्वराजवळ आम्हा सर्वांची प्रार्थना.