कस्तुराबाईची फोडणी

कस्तुराबाईच्या हातची खिचडी खाल्लेली पोरं आता बाप झाली आहेत. आसेगावच्या पलीकडे आमची शाळा. तिथे तिची चुलीची खोली होती. धुरानं काळीकुट्ट, पण तिची. मिठाची बरणी, तिखटाचा डबा डोळे मिटून काढायची.

मागच्या वर्षी शाळेला व्हीआर चष्मे मिळाले. डोळ्यांवर चढवले की माणूस बसल्या जागी समुद्रात, जंगलात फिरून येतो. त्यासाठी अंधारी खोली हवी. शाळा समितीचे अध्यक्ष उदयसिंग यांनी नेमकी तिचीच निवडली. भिंती रंगवल्या, खिडक्यांवर काळं कापड ठोकलं, आणि तिची भांडी अंगणात काढून म्हणाले, "मागच्या भिंतीले लागून मांड चूल. उन्हानं कोनी मरत नाई."

ती उन्हात रांधू लागली. पण तिला एक ठाऊक होतं. खिडक्या बंद झाल्या होत्या. मागच्या भिंतीतला धूर जायचा झरोका तसाच होता. आतून त्यावर नुसता पडदा सोडला होता.

उद्घाटनाला वाशीमहून पाहुणे आले. पोरं बाहेर रांगेत तापत उभी, आधी मोठ्यांचा नंबर. उद्याच्या शाळेला भिंतीच राहणार नाहीत, असं भाषण ठोकून उदयसिंगांनी चष्मा चढवला आणि समुद्राच्या तळाशी गेले. हातवारे करून पाहुण्यांना मासे दाखवू लागले.

भिंतीमागे कस्तुराबाईनं कढईत तेल कडकडीत तापवलं, मूठभर सुक्या मिरच्या सोडल्या. वारा थोडा कमी पडत होता. तिनं सूप घेतलं आणि झरोक्याकडे हलवलं.

समुद्रात ठसका उठला. पाहुणे नाकाला रुमाल लावून पळाले. उदयसिंग चष्म्यासकटच बाहेर निघाले, खांबावर आदळले. पोरांची रांग हसून लोळली.

लाल डोळे पुसत ते मागे आले. "काय लावलं हे, बाई?"

"फोडनी देऊन राह्यली, भाऊ. जागा तुमीच दाखोली."

"मुद्दाम केलं तू."

"हो." तिनं तांदूळ ओतले. "माह्या डोळ्यात रोज धूर जाते. आज तुमच्या गेला."

बाई उन्हात का रांधते, हे पाहुण्यांनी विचारलंच. उत्तर देता देता उदयसिंगांना पुन्हा खोकला आला.

आठवड्यात टिनाचं नवं स्वयंपाकघर उभं राहिलं. झरोका कुठल्या बाजूला काढू, असं मिस्त्री सतीशनं विचारलं. कस्तुराबाईनं व्हीआरच्या खोलीकडे बोट दाखवलं.

"पोरं आत असली त मी फोडनी टाकत नाई," ती म्हणाली. "अध्यक्ष असले त पाहू."