तुझं ते पत्र्याचं गाव

माझा नवरा त्या गावाला 'तुझं ते पत्र्याचं गाव' म्हणतो. बावीस वर्षं म्हणतोय. सुरुवातीला मलाही हसू यायचं, खोटं कशाला बोलू.

तेव्हा आम्ही पिस्कॅटवेला राहत होतो. नागपूरला मी शाळेत ड्रॉइंग शिकवायचे. लग्न करून इकडे आले आणि व्हिसावर काम करायची परवानगी नाही म्हणून नुसती बसून राहिले. नवरा ऑफिसला गेला की चालत लायब्ररीत जायचे. तिथे फोटोंच्या एका जाडजूड पुस्तकात ते गाव सापडलं. टेक्सासच्या पश्चिमेला, वाळवंटात, मोठ्या शहरापासून तीन तासांवर. लोकरीचं जुनं गोदाम, आणि त्यात एका कलाकाराने छतापासून जमिनीपर्यंत टांगलेले तांब्याचे कोरे पत्रे. चित्र नाही, नक्षी नाही. संध्याकाळी पश्चिमेच्या खिडक्यांतून ऊन आलं की ते एकामागून एक उजळत जातात, असं फोटोखाली लिहिलं होतं.

मी सहावीच्या पोरांना मडकं आणि ठोकळा मांडून छायाप्रकाश शिकवलेली बाई. आधी उजेड कुठून येतोय ते बघा, मग पेन्सिल उचला, हे मी हजारदा तरी बोलले असेन. या माणसाने मडकंही काढून टाकलं होतं आणि ठोकळाही. नुसता उजेड ठेवला होता. लायब्ररीच्या त्या टेबलाशी बसून मी चक्क रडले. घरात बसून बसून माझी अक्कल गेलेली नाही, मला अजून काहीतरी दिसतं, हे त्या दिवशी कळलं. संध्याकाळी पोळ्या लाटता लाटता नवऱ्याला म्हटलं, हे बघायला जायचं. तो म्हणाला, जाऊ की.

मग व्हिसाच्या स्टॅम्पिंगसाठी भारतात जायचं होतं. मग बाळंतपण. मग सासू-सासरे सहा-सहा महिने, दोनदा. मग मिनेसोटात ईडन प्रेरीला बदली, मुलीचं स्विमिंग, तिचे क्लास. फिरलो नाही असं मुळीच नाही. धबधबे झाले, दऱ्या झाल्या, गरम पाण्याचे झरे झाले. आमच्या लोकांत ठिकाणं बघत नाहीत, कव्हर करतात. नवरा त्यात पटाईत. त्याची एक्सेल शीट असते, तिच्यात मिनिटांचा हिशोब असतो, आणि सगळा मित्रपरिवार त्याच्याकडून ती मागून नेतो.

या मार्चमध्ये, मुलगी कॉलेजला गेल्यावर, त्याच्या ऑफिसातला मित्र, मित्राची बायको आणि आम्ही दोघं अशी पाच दिवसांची ट्रिप ठरली. टेक्सासमधलं मोठं नॅशनल पार्क. "आणि तुझं पत्र्याचं गावही घेतलंय," नवरा म्हणाला. मी त्याला तिथेच किचनमध्ये मिठी मारली. दुसऱ्या दिवशी जाऊन नवा चारकोल आणि कागद आणले. दशम्या केल्या, दाण्याची चटणी केली, राइस कुकर बॅगेत भरला. शीटची लिंक त्याने सगळ्यांना पाठवली होती. मी उघडलीही नाही. तिकिटं, पासपोर्ट, हॉटेलं, सगळं आजवर त्यानेच बघितलेलं, त्यात मी काय तपासणार?

मंगळवारी दुपारी पोचलो. तीन तास रस्त्यावर काही नाही, आणि मग ते गाव. एक सिग्नल, रेल्वेचे रूळ, पत्र्याच्या छपराखाली कॉफी, आणि मोठ्या हॅटा घालून भिंतींसमोर उभी राहिलेली तरुण मंडळी. मित्र म्हणाला, "यार, इथे बघायचं काय?" त्याला काय सांगणार? तिथल्या सावल्यांना कड असते. विजेच्या खांबाचीसुद्धा सावली अशी पडलेली, की मी तिच्यावर पाय द्यायला कचरले. मिनेसोटात पाच महिने धड सावलीच पडत नाही. एवढं रिकामं गाव लोकांना का ओढतं ते मला दोन मिनिटांत कळलं. तिथे नजरेला आडवं येणारं काही नाही.

गोदामाचं फाटक बंद होतं. पाटीवर लिहिलेलं, गुरुवार ते रविवार उघडं. नवरा म्हणाला, अरेरे, बंद आहे वाटतं, आणि फोटोसाठी फोन काढला. मी फाटकाशी उभी राहून हसले. हसले हो, दात दाखवून. मग कुंपणाच्या कडेने फिरून मागे रस्त्याला लागून असलेल्या एका खिडकीच्या काचेला दोन्ही हातांची ओंजळ लावून आत बघितलं. अंधारात एका पत्र्याचा काठ दिसला, वीतभर. नशीब म्हटलं, आणि परत आले.

कॉफी पिताना मित्राच्या बायकोने विचारलं, आता पुढे काय? म्हणून मी पहिल्यांदा ती शीट उघडली. मंगळवारच्या ओळीत इंग्रजीत लिहिलं होतं, आर्टचं गाव, एक दहा ते एक तीस. पुढच्या रकान्यात नवऱ्याची टीप होती. मंगळवारी बंद असतं, बाहेरून फोटो.

मी फोन त्याच्यासमोर धरला. "तुला माहीत होतं?"

"अगं, गुरुवारी आपण पार्कात आहोत, ते हलवता येत नव्हतं," तो म्हणाला. "आणि आत पत्रेच तर आहेत. फोटोत दिसतातच की."

मग समजूत काढल्यासारखं म्हणाला, "तुला गाव बघायचं होतं ना? दाखवलं की."

त्याच्या आवाजात खोट नव्हती, हेच मला जास्त लागलं. त्याच्या मते त्याने ते खरंच दाखवलं होतं. मी इथेच राहते, तुम्ही जा, असं म्हणायला हवं होतं. गाडी चालवता येते मला, क्रेडिट कार्ड आहे, मेली शरम तेवढी आडवी आली. एक तीसला मी निमूटपणे गाडीत जाऊन बसले. चारकोलचा डबा उघडलाच नाही.

नवऱ्याने फाटकासमोरचा माझा फोटो ग्रुपवर टाकला. शेवटी हिचं स्वप्न पूर्ण, असं वर लिहिलं. बदाम आले. मुलीने इंग्रजीत कळवलं, की आईसाठी तिला फार आनंद झाला. मी खाली हात जोडल्याची खूण टाकली. आणि त्यानंतर जिथे जाऊ तिथे लोक विचारायला लागले, आत कसं आहे? पहिल्यांदा विचारलं तेव्हा नवरा शेजारीच होता. त्याची फजिती नको म्हणून मी पुस्तकातलं सांगितलं. ऊन कसं शिरतं, पत्रे कसे उजळतात. तीन महिने हेच सांगत राहिले. माझी मलाच किळस यायला लागली होती.

गेल्या शनिवारी पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एक नवीन जोडपं आलं होतं, पुण्याचं, अजून थंडीचे कोट न घेतलेलं. त्यातल्या मुलीने विचारलं, "काकू, ते वाळवंटातलं आर्टचं गाव, जाण्यासारखं आहे का?" मी सुरू झाले. लोक ताटं घेऊन ऐकत होते. माझं झाल्यावर नवरा मान हलवत म्हणाला, "फोटोत येत नाही ते. प्रत्यक्षच बघावं लागतं."

त्या मुलीने लगेच फोन काढला. सप्टेंबरच्या लाँग वीकेंडला जोडून जाऊ म्हणाली, कुठला दिवस ठेवू?

"गुरुवार ठेव," मी म्हटलं. "संध्याकाळपर्यंत थांब. मंगळवारी अजिबात जाऊ नकोस, मंगळवारी बंद असतं."

"बरं झालं सांगितलंत," ती टाइप करत म्हणाली. "तुम्ही कुठल्या दिवशी गेला होतात?"

"मंगळवारी," मी म्हणाले. "काकांच्या शीटमध्ये बघ, त्यांनी लिहून ठेवलंय."