कालव्याला भरती सव्वाअकराला

माझ्या एकुलत्या एका मुलीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी इंग्लंडमधल्या एका कालव्यातलं पाणी संपलं. ते मी संपवलं.

मुद्दाम नाही हो! मुद्दाम म्हटलं असतं तर मला ते जमलंही नसतं. पण आमची सौ. हल्ली काळाचौकीच्या नाक्यावर मेथी निवडून घेता घेतासुद्धा हा किस्सा सांगते, तेव्हा तिच्या तोंडून कळण्यापेक्षा माझ्या तोंडून कळलेलं बरं. निदान माझी बाजू तरी पुढे येईल. (बाजू अशी काही नाहीच. पण येऊ दे.)

त्याचं असं आहे, आम्ही मूळचे शिवडीच्या कोळीवाड्यातले. आजोबांची स्वतःची होडी होती. वडिलांना होडी लागायची, किनारा सुटायच्या आत उलट्या सुरू! म्हणून ते गिरणीत चिकटले आणि आमचं बिऱ्हाड काळाचौकीच्या चाळीत आलं. मी जन्मभर एका कचेरीत क्लार्क. समुद्राशी माझा संबंध पापलेट खाण्यापुरता, आणि तेसुद्धा निवडायला मला कुणी नेत नाही. पण चारचौघांत बसलो की माझ्यातला कोळी जागा होतो. "दर्या आपल्या रक्तात आहे," हे मी इतक्या वेळा बोललोय की शेवटी माझाच त्यावर विश्वास बसला.

मानसी, म्हणजे आमची लेक, इंग्लंडला नोकरीला. तिथेच तिला ओंकार भेटला. ओंकार शिवाजी पार्कचा. त्याचे वडील सुधीरराव निवृत्त प्राध्यापक, आई वसुधाताईंचं मराठी असं स्वच्छ की त्यांच्यासमोर मी खोकायचोसुद्धा जपून. तिकडे रजिस्टर लग्न करायचं आणि नंतर दादरला हॉल घेऊन विधी, असं ठरलं. दोन्हीकडचे आईबाप विमानाने गेलो. लग्नाच्या गावातून कालवा जातो आणि त्यात राहायला लांबलचक, अरुंद बोटी भाड्याने मिळतात, हे तिथे कळलं मात्र, मी टेबलावर हात आपटला.

"नवरी बोटीतून जाणार!"

"बाबा, टॅक्सीने पंधरा मिनिटं आहेत," मानसी म्हणाली.

"कोळ्याची पोर लग्नाला टॅक्सीतून? लोक काय म्हणतील?"

"कुठले लोक? इथे आपल्याला ओळखतं कोण?"

"पण भाऊ, तुम्हाला बोट चालवता येते का?" वसुधाताईंनी हळूच विचारलं.

"ताई," मी मंद हसून म्हटलं, "चालवता येण्याचा प्रश्नच नाही. रक्तात आहे!"

झालं. ओंकार आपल्या मित्रांबरोबर गावात राहिला आणि आम्ही दोघं, मानसी आणि व्याही-विहीण असे पाच जण तीन दिवसांसाठी बोटीत शिरलो.

बोट साठ फूट लांब आणि रुंदी आमच्या चाळीतल्या गॅलरीएवढी. समोरून माणूस आला की एकाने मागे जायचं. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते, हे मला पहिल्या पुलाला धडकल्यावर कळलं आणि दुसऱ्या पुलाला धडकल्यावर पटलं. वेग म्हणाल तर काठाने कुत्रं फिरवणारी एक आजी आम्हाला मागे टाकून गेली. ती वाटेत थांबली, कुत्र्याने झाडापाशी आपलं काम उरकलं, तरी ती पुढेच! सुधीरराव काठाकडे बघत म्हणाले, "भाऊ, ह्यापेक्षा आपण उतरून..." मी म्हटलं, "सुधीरराव, पाण्याला घाई चालत नाही." ते बिचारे जागेवर बसून राहिले. व्याह्यांचा स्वभाव फार चांगला हो, तिथेच घात झाला.

ह्या कालव्यांत मध्ये मध्ये लॉक असतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला मोठा हौद. वरच्या दारातली झडप उघडली की हौद भरतो, खालच्या दारातली उघडली की रिकामा होतो, आणि आत उभी असलेली बोट तशी वर चढते किंवा खाली उतरते. झडप लोखंडी हँडलने फिरवून उघडायची आणि काम झालं की आठवणीने बंद करायची. हे शेवटचं बोटवाल्याने आम्हाला तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा मी मान डोलावली.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आम्ही एका लॉकच्या अलीकडे बोट बांधली. सकाळी एवढं लॉक उतरलं की तासाभरात गाव. दुपारी एकची वेळ मिळाली होती. मानसीने दोनदा बजावलं, "बाबा, वेळ चुकली तर पुढची तारीख दीड महिन्याने मिळेल. तोपर्यंत तुम्ही मुंबईत!" म्हणजे उद्या पोचलो नाही तर लेकीचं लग्न फोनवर बघायचं. 

आता ज्याने चाळीत जन्म काढलाय त्याला सांगायला नको. सकाळी घाई असली की पाणी रात्रीच भरून ठेवायचं! मी हँडल घेतलं आणि एकटाच निघालो. म्हटलं, हौद आत्ताच भरून ठेवू, सकाळी तयार मिळेल. आधी खालच्या दाराची झडप फिरवून बघितली. काहीच झालं नाही. (हौद रिकामा होता. होणार काय, कपाळ?) मला वाटलं बिघडलीये, म्हणून ती तशीच टाकून वरच्या दाराशी गेलो. तिथली झडप उघडली आणि काय पाणी सुटलं, वा! तेवढ्यात सौ.ची हाक आली, "अहो, कोलंबी गार होतेय!" म्हटलं, हौद मोठा आहे, भरायला वेळ लागणारच. हँडल तिथेच अडकवून मी जेवायला गेलो. चार घास जास्तच गेले. त्यानंतर लॉक, हौद, झडप, काही आठवलं नाही.

सकाळी मी पलंगावरून घरंगळून भिंतीला चिकटलेला होतो. स्वयंपाकघरातून सौ. ओरडली, "अहो, घावन तव्यावर थांबत नाहीये! सगळं पीठ एका बाजूला धावतंय!" दार उघडून बाहेर बघितलं. कालवा नव्हता. म्हणजे काठ होते, झाडं होती, मधोमध पाण्याचा एक ओघळ होता, बाकी सगळा चिखल! आमची बोट त्यात एका कुशीवर कलंडलेली. बदकं चालत होती.

"बाबा, हे काय झालं?" मानसी केसांत रोलर लावलेल्या अवस्थेत बाहेर आली.

आणि इथे, मंडळी, माझ्यातला कोळी बोलला. "काही नाही गं, ओहोटी आहे."

"कालव्याला ओहोटी?" वसुधाताई.

"ताई, पाणी म्हटलं की भरती-ओहोटी आलीच. शिवडीला येऊन बघा, सकाळी मैलभर चिखल असतो. दुपारी होड्या तरंगतात!"

वेळ काढायची आमची जुनी पद्धत आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. मी शिवडीला आत्याला फोन लावला. पलीकडे बँड वाजत होता.

"आत्या, आज तिथी काय गं?"

"आरं, नारळी पुनव हाय आज! कोळ्याचा पोर तू, तुला ठाव नाय? कनाला इचारतोस?"

"काही नाही, सहज," म्हणून मी फोन ठेवला. कोळ्याच्या पोराला नारळी पौर्णिमा परदेशातून फोन करून विचारावी लागते, ह्याची लाज तेव्हाच वाटायला हवी होती. पण मी पंधराच्या पाऊणपटीत गुंतलो होतो.

"सव्वाअकरा!" मी जाहीर केलं. "आणि पौर्णिमा म्हणजे उधाण! जितकं खाली गेलंय तितकंच वर येणार."

"पण भाऊ, ती मुंबईची वेळ झाली ना?" सुधीररावांनी शंका काढली. "इथलं घड्याळ साडेचार तास मागे आहे."

"चंद्र एकच आहे ना, सुधीरराव?"

प्राध्यापक बोटांवर काहीतरी मोजू लागले. मी तेवढ्यात सगळ्यांना तयार व्हायला सांगितलं.

आमच्या पुढे आणखी एक बोट चिखलात रुतली होती. तिच्यातून एक म्हातारे साहेब कपबशी घेऊन बाहेर आले आणि कालवा होता त्या जागेकडे बघत राहिले. मी त्यांना धीर दिला, "डोन्ट वरी! टाइड! इलेव्हन फिफ्टीन!" साहेबांनी चहाचा एक घोट घेतला. मग म्हणाले, "असं का? फारच रंजक आहे." आणि आत जाऊन फोन करू लागले. मी सौ.ला म्हटलं, "बघ, त्यालाही पटलं."

सव्वाअकरा वाजले. मानसी हिरव्या नऊवारीत, नाकात नथ, कपाळाला मुंडावळ्या. वसुधाताई पैठणीत. सगळे तिरक्या बोटीत तिरके उभे. पाणी इंचभर हललं नाही. साडेअकरा झाले. मानसीचा चेहरा उतरत चालला. शेवटचा उपाय म्हणून मी सौ.च्या पिशवीतून नारळ काढला, बोटीच्या टोकावर उभा राहिलो, हात जोडले आणि दर्याला अर्पण केला. थप्प! नारळ शेंडी वर करून चिखलात बसला. एक बदक येऊन त्याला चोच मारून गेलं.

"अहो!" सौ. किंचाळली. "तो मानसीच्या ओटीचा नारळ होता! दादरहून आणलेला!"

तेवढ्यात काठाने कालव्याचा माणूस आला. साहेबांनी बोलावलेला. त्याच्या हातात लोखंडी हँडल होतं, आणि त्यावर आमच्या बोटीचं नाव रंगवलेलं होतं.

"हे वरच्या झडपेला लटकलेलं होतं," तो शांतपणे म्हणाला. "खालची झडपही उघडी होती. रात्रभर सगळं पाणी खाली वाहून गेलं. हे कुणाचं?"

 सगळे माझ्याकडे बघत होते. सुधीररावसुद्धा! त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. धरणी समोरच होती, मऊसुद्धा होती.

"पाणी परत कधी येईल?" मानसीने विचारलं.

"वरून सोडतो. पण बोट तरंगायला संध्याकाळ होईल."

"इथे रस्ता नाही, टॅक्सी येणार नाही. गावात चालत जायला किती वेळ?"

"तासभर."

"आणि बोटीने?"

"तासभरच," तो म्हणाला. "चालण्याएवढाच वेग आहे तिचा."

पोरगी रडली नाही. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. तिने मुकाट्याने पायात बूट घातले, काष्टा आवळला, फळीवरून काठावर उतरली आणि चालायला लागली. मागून वसुधाताई पैठणी गुडघ्यापर्यंत धरून, मागून सुधीरराव, मागून सौ. मी निघणार एवढ्यात सौ. वळून ओरडली, "तो नारळ घेतल्याशिवाय तोंड दाखवू नका!"

मी चिखलात उतरलो. पहिल्या पावलाला घोटे गेले, दुसऱ्याला गुडघे, तिसऱ्याला बूट कायमचे गेले आणि नारळाला हात लागला तेव्हा मी कमरेपर्यंत इंग्लंडमध्ये होतो. पुढे जाता येईना, मागे येता येईना. शेवटी शेजारच्या साहेबांनीच लांब बांबू पुढे करून मला ओढून काढलं. वर आल्यावर आपली एक कोरडी पॅन्ट दिली. आणि म्हणाले काय? "सॉरी!" त्यांची बोट मी रुतवली, आणि सॉरी ते म्हणाले! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

साहेब सहा फूट, मी पाच फूट तीन. पॅन्ट चार वेळा दुमडली, एका हाताने धरली, दुसऱ्या काखेत नारळ घेतला आणि अनवाणी धावत सुटलो. वाटेत लोक बाजूला होऊन टाळ्या वाजवत होते. त्यांना वाटलं असेल, ही आमच्याकडची लग्नाची रीत आहे.

रजिस्ट्रारच्या ऑफिसात शिरलो तेव्हा एक वाजून गेला होता. बाहेर पुढच्या लग्नाची मंडळी ताटकळत उभी. आत रजिस्ट्रारबाई घड्याळाकडे बघतायत, ओंकार घामाघूम, आणि मानसी खुर्चीत ताठ बसलेली.

"केव्हापासून सांगतोय हिला, सुरू करू या," ओंकार मला म्हणाला. "ऐकतच नाही! बाबा आल्याशिवाय सही करणार नाही म्हणते."

 शर्टावरून चिखलाचे पोपडे गळत होते, तरी पुढे होऊन मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने माझा हात धरला, तो चिखलाचा आहे हे बघितलं, आणि तरी सोडला नाही. मग रजिस्ट्रारबाईंनी चष्मा सावरून शेवटचे तपशील विचारायला घेतले. नवरीचं नाव, वडिलांचं नाव. तिकडे दाखल्यावर वडिलांचा व्यवसायही लिहितात.

"व्यवसाय?" बाईंनी माझ्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघून विचारलं.

मी तोंड उघडणार, इतक्यात मानसी पटकन म्हणाली, "क्लार्क. निवृत्त." मग तिने पुढे जोडलं, "जमिनीवरचे."

आणि बाई पडल्या साहेबी शिस्तीच्या! त्यांनी ते एकही शब्द न गाळता लिहून घेतलं, खाली साक्षीदार म्हणून मी सही केली, आणि आमच्या सात पिढ्यांचा कोळीपणा इंग्लंडच्या सरकारी दप्तरात माझ्याच सहीने संपला.