संदेश बोटीवर नव्हता

"मेजर डिप्रेसिव्ह डिसऑर्डर," डॉक्टरबाई म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण माझा नवरा टेबलाच्या कडेकडे बघत बसला होता. चार दिवस वाईट वाटतं ते हे नव्हे, त्यांनी समजावलं. हा आजार आहे आणि त्यात झोप, भूक, उमेद, सगळं एकेक करून बंद पडतं. मग त्यांनी संदेशला सरळ विचारलं, "मरावंसं वाटतं का?"

"काय वाटतच नाय मॅडम," तो म्हणाला. मला रडू यायला हवं होतं, पण मला राग आला.

संदेश मालवाहू बोटीवर इंजिन रूममध्ये फिटर. कॉन्ट्रॅक्ट संपवून घरी आला तो थेट अंथरुणात गेला. बॅगसुद्धा उघडली नाही. सुरमईचं कालवण पुढे ठेवलं तर भात चिवडून उठायचा. मी समजले, दमलाय. मग समजले, कुणाशी तरी भांडलाय. अंघोळही सुटली तेव्हा त्याला रिक्षात घालून रत्नागिरीला आणलं.

आधी रक्त तपासलं. थायरॉइड आणि बी-ट्वेल्व्ह, कारण ह्यांच्या गडबडीनेही माणूस असा मलूल होतो. रिपोर्ट नॉर्मल आले. सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली. मला मात्र वाटलं, काहीतरी निघायला हवं होतं. थायरॉइडला कुणी हसत नाही.

गोळ्या सुरू झाल्या. अँटिडिप्रेसंट, म्हणजे मेंदूतली बिघडलेली रसायनं हळूहळू जागेवर आणणारी. "लगेच फरक दिसणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण ह्यांना घरात कोंडून ठेवू नका. रोज चालायला न्या, माणसांत बसवा, बोलू द्या."

रत्नागिरीत मनोरुग्णालय आहे. त्याच्या नावाने एकमेकांना चिडवतच आम्ही सगळे मोठे झालो. त्यामुळे दवाखान्यातून घरी आल्यावर शेजारणीने "संदेश दिसत नाय तो?" असं विचारलं, तेव्हा सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं, "गेला गो बोटीवर. अर्जंट जॉइनिंग आलं."

आमच्या वाडीत ह्याच्यावर कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. घरटी कोणीतरी बोटीवर असतंच. आजार लपवायला दुसऱ्या कुठल्या गावात इतकी सोपी सबब मिळाली नसती. फक्त आमच्या लक्षात एक गोष्ट आली नाही, की बोटीवर गेलेला माणूस मग अंगणात येऊ शकत नाही.

खिडक्या बंद झाल्या. त्याला खोकला आला की सासूबाई मिक्सर लावायच्या. चालायला नेणं तर दूरच, परसातल्या माडाखाली बसणंही गेलं. तपासणीला न्यायचं तर पलीकडच्या गावातली रिक्षा, त्याला टोपी, तोंडाला मास्क. वेटिंग रूममध्ये आम्ही भिंतीकडे तोंड करून बसायचो. "चालतात ना रोज?" डॉक्टरबाई विचारायच्या, आणि मी आणि सासूबाई माना डोलवायचो. गोळीचा डोस वाढायचा.

मी घरी ब्लाउज शिवते. माप द्यायला येणाऱ्या बायका विचारायच्या, "कुठल्या बंदरात हाय आता?" कधी डर्बन, कधी सिंगापूर. शाळेत नव्हता इतका माझा भूगोल सुधारला. पलीकडच्या खोलीत तो पडलेला असायचा आणि त्याला प्रत्येक शब्द ऐकू जायचा. एकदा त्याने विचारलं, "मी खरंच गेलो असतो तर बरं झालं असतं ना तुम्हाला?" त्याला कुठे जायचं म्हणायचं होतं, ते मी विचारलं नाही. मला भीती वाटली.

मग शिमगा आला. गावदेवीची पालखी घरोघर फिरते, तशी आमच्याही अंगणात आली. ढोल थांबले. ओटी भरून झाली आणि बाळाभाऊ गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. बाळाभाऊ आमच्या वाडीचे गावकर, प्रत्येक घराचं मागणं देवीपुढे मोठ्याने मांडतात.

"बाय माझे, ह्या घरचा लेक दर्यावर गेलाय. त्याची बोट सांभाळ. त्याला सुखरूप घरी आण."

"होय महाराजा," सगळी वाडी एका आवाजात म्हणाली. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. आणि ज्याला सुखरूप घरी आणायचं, तो दाराच्या पलीकडे बसून हे सगळं ऐकत होता. एवढी माणसं त्याच्यासाठी हात जोडून उभी होती आणि त्यातल्या एकालाही तो भेटू शकत नव्हता.

मी म्हटलं, "बाळाभाऊ, थांबा. तो बोटीवर नाय. आतल्या खोलीत हाय. मनाचा आजार झालाय त्याला."

सासूबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या. बाळाभाऊंनी पुन्हा हात जोडले. "बाय माझे, चुकलो. लेक घरातच हाय. मनाने आजारी हाय. त्याला..." इथे ते अडकले. दर्यासाठी, नोकरीसाठी, मूलबाळासाठी गाऱ्हाण्यातले शब्द ठरलेले असतात. ह्याच्यासाठी कुणी केलेलेच नव्हते. शेवटी ते म्हणाले, "त्याला एकटा ठेवू नको."

"होय महाराजा." ह्या वेळी आवाज थोडेच आले. दार उघडलं नाही. पालखी पुढच्या घरी गेली.

त्यानंतर काही दिवस शिवणाला कुणी फिरकलं नाही. सासूबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. एका दुपारी बाळाभाऊ आले आणि संदेशच्या दारात उंबऱ्याबाहेरच बसले. म्हणाले, "बायको गेली तवा मी वर्षभर विहिरीकडं पाठ करून बसायचो. तोंड करायची भीती वाटायची. कुणाला बोललो नाय. आज तुला बोलतोय." सगळ्या वाडीची गाऱ्हाणी घालणाऱ्या माणसाने स्वतःचं कधी घातलं नव्हतं. संदेशने त्यांना जा म्हटलं नाही.

इथून तो बरा होत गेला, असं लिहायला मला फार आवडलं असतं. तसं झालं नाही. आता डॉक्टरबाई "ट्रीटमेंट-रेझिस्टंट" म्हणतात, म्हणजे औषधांना दाद न देणारा आजार. तिसरं औषध चालू आहे. सुरुवातीचे महिने वाया गेले म्हणून असं झालं का, हे मी त्यांना विचारलं. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. त्या उत्तरासोबत मला जगायचं आहे. तो पुन्हा बोटीवर जाईल अशी आशा मी सोडली आहे. मी नसताना काय होईल ही धास्ती कमी होत नाही.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर मी एवढंच सांगेन, त्याला गावाला पाठवू नका, बोटीवर पाठवू नका, आहे तिथेच आहे म्हणून सांगा. लोक बोलतील. बोलू द्या. आमच्याबद्दलही बोलले, काही अजून बोलतात.

हल्ली संदेश संध्याकाळी ओटीवर बसतो. येणारा-जाणारा विचारतो, "काय, कसा हायस?" ह्या प्रश्नाला साऱ्या जगात एकच उत्तर असतं. संदेश म्हणतो, "बरा नाय." ते ऐकून बहुतेक लोक घाईने पुढे जातात. पण एखादा थांबतो, चपला काढतो आणि त्याच्या शेजारी येऊन बसतो. त्या एखाद्याचे उपकार मी कधी विसरणार नाही.