करीन म्हटलेली प्रार्थना

दिल्लीतल्या द्वारका भागात आमच्या सोसायटीत मराठी घरं दोनच. तिसऱ्या मजल्यावर आमचं ख्रिस्ती घर आणि पाचव्यावर वहिनींचं. वहिनी माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, साताऱ्याकडच्या. त्यांचे यजमान मानेसरला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात होते, सकाळी सहालाच कंपनीच्या बसने निघायचे.

एका सोमवारी लिफ्टमध्ये वहिनींनी माझा हात धरला. "ह्यांच्या गळ्याला गाठ आलीय गं. सुई घालून तपासायला दिलंय, रिपोर्टला दहा दिवस लागतील. तू प्रार्थना करतेस ना? ह्यांच्यासाठी कर."

"नक्की करीन, वहिनी. रोज करीन," मी म्हटलं आणि ऑफिसला पळाले.

संसदेचं अर्थसंकल्पी अधिवेशन चालू होतं. मंत्रालयात प्रश्नांची उत्तरं तयार करताना जेवायलाही उसंत नव्हती. रविवारी चर्चमध्ये पाळकांनी विचारलं, "कुणासाठी विनंती करायची आहे?" मी उभी राहिले आणि माझ्या मुलीच्या बारावीसाठी प्रार्थना मागितली. वहिनींची आठवणसुद्धा झाली नाही.

दहा-बारा दिवसांनी बेल वाजली. वहिनी गाजर हलव्याचा डबा घेऊन उभ्या होत्या, डोळे भरलेले. "साधी गाठ निघाली. तुझ्यामुळे! रोज संध्याकाळी सात वाजले की मी म्हणायचे, आता ती बसली असेल प्रार्थनेला. तेव्हा कुठे माझ्या घशाखाली घास उतरायचा."

मी डबा घेतला. खरं काय ते सांगितलं नाही.

तिथून माझी तगमग सुरू झाली. मुलीने हलवा चाटूनपुसून खाल्ला, मला तो गिळवेना. मेट्रोत बसायला जागा मिळाली तरी मी दाराशीच उभी राहायची. एकदा विचारांच्या नादात उतरायचं स्टेशन मागे टाकलं आणि थेट शेवटच्या स्टेशनला पोचले. त्यात वहिनींनी सोसायटीभर सांगून ठेवलेलं. तळमजल्यावरचे एक सरदारजी मला थांबवून म्हणाले, "बेटा, मेरे लिए भी।" त्यांचा मुलगा दोन वर्षं त्यांच्याशी बोलत नव्हता. मी मान हलवली आणि स्वतःचीच भीती वाटली.

शेवटी एका संध्याकाळी पाचव्या मजल्यावर गेले. वहिनी मेथी निवडत होत्या.

"वहिनी, मी प्रार्थना केलीच नव्हती. विसरले."

"एक दिवस?"

"एकही दिवस केली नाही."

त्या मेथीच्या काड्या मोडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी तुझ्या भरवशावर होते गं." मीच उठून आले.

दुसऱ्या दिवसापासून मी वहिनींच्या यजमानांसाठी रोज प्रार्थनेला बसायला लागले. पण जमेना. "प्रभू, त्यांना आशीर्वाद दे" एवढं म्हटलं की संपायचं. पुढे काय मागायचं? त्या माणसाला कशाची भीती वाटते, त्याचं घरात कुणाशी पटतं, मला काहीच ठाऊक नव्हतं. ज्या माणसाची आपण कधी चौकशी केली नाही, त्याच्यासाठी प्रार्थनेला शब्द कुठून आणायचे? डोळे मिटले की कुकरच्या शिट्ट्या मोजायची, पाय हलवत बसायची. लहानपणापासून प्रार्थना करत आले होते, पण दुसऱ्यासाठी दहा मिनिटं बसणं मला येत नव्हतं. सरदारजींना मात्र मुलाबद्दल नीट विचारलं. तो काय करतो, भांडण कशावरून झालं. त्यांच्यासाठी मग थोडे शब्द सुचू लागले. वहिनी लिफ्टमध्ये भेटल्या की मजल्यांचे आकडे बघत राहायच्या.

महिन्याभराने त्या आपणहून आल्या. आत येऊन सोफ्याच्या कडेला टेकल्या. "गाठ साधीच आहे, पण श्वासनलिकेवर दाब देतेय. परवा ऑपरेशन आहे. प्रार्थना कर. पण आत्ता, माझ्यासमोर."

मी त्यांच्यासमोर बसले. "वहिनी, आधी सांगा, भाऊजींना कशाची धास्ती वाटते?"

त्या चमकल्या. मग हळूच म्हणाल्या, "आवाज जाईल याची. शॉपफ्लोअरवर मशिनींच्या आवाजात ओरडून बोलावं लागतं त्यांना. आणि मला... मला एकटं राहण्याची."

मी डोळे मिटले. जे त्यांनी सांगितलं तेच देवाला सांगितलं, अडखळत. मध्येच मोबाइल वाजला, तो वाजू दिला. आमेन म्हणून पाहिलं तर वहिनी डोळे उघडे ठेवून माझ्याकडेच बघत होत्या, मी खरंच करतेय ना याची खात्री करत असल्यासारख्या.

"परवा येशील दवाखान्यात?" त्यांनी विचारलं.

अधिवेशन संपलं नव्हतं. तरी मी रजा टाकली.

ऑपरेशन नीट झालं, पण भाऊजींचा आवाज गेला तो पूर्ण परत आला नाही. घोगरा, फाटका झाला. कंपनीने त्यांना शॉपफ्लोअरवरून काढून स्टोअर्समध्ये बसवलं. एकदा मी त्यांच्याकडे गेले होते तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अर्धंच ऐकलं का गं तुझ्या देवाने?" त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मला नाही माहीत, वहिनी."

"मग आवाजासाठीही कर."

"करते," म्हटलं आणि घरी जायला उठले होते ती पुन्हा खाली बसले.