मी नावं ठेवली नाहीत तेव्हा

एक अख्खी सकाळ मी कुणालाही नावं ठेवली नाहीत, आणि माझ्या मुलीचं ठरत आलेलं लग्न मोडायची वेळ आली.

तशी मी स्वभावाने वाईट नाही. फक्त दिसलं की बोलून टाकते. आमचे हे फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, पण घरात माझा आवाज चढला की अजून सावधानमध्ये उभे राहतात! म्हणून विट्याचे पाहुणे पाटणला आमच्याकडे यायच्या आदल्या दिवशी स्नेहलने माझा हात उचलून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"आई, रोहन मला मनापासनं आवडलाय. उद्या कुणालाबी नावं ठेवायची न्हाईत. घे शपथ."

तिचे डोळे भरलेले. घेतली मी शपथ. पोरीपुढे कुणाचं काय चालतंय?

रोहनची आई खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, "जिना लय अरुंद हाय वं तुमचा." (जिना नेहमीएवढाच होता. बाईंच्या दोन्ही हातांत दोन पिशव्या होत्या.) मी हसले.

"पोह्यात मीठ कमी पडलंय, ताई."

हसले.

"आन् हा पडदा भिंतीला शोभंना बघा."

पुन्हा हसले. आता गाल दुखायला लागले होते!

तेवढ्यात रोहन हात धुवायला उठला आणि नळापाशी अडखळला. "मावशी, हात धुतल्यालं पाणी कशात साठवायचं?"

'येडं हाय का काय हे पोरगं!' अगदी ओठांवर आलं होतं. पण शपथ! मी मुकाट्याने बादली पुढे केली. हात धुऊन झाले आणि तो एकदम लाजला. "चुकलं, मावशी. परगावी आमचं गलाईचं, सोनं गाळायचं दुकान हाय; तिथं हाताला सोन्याचे कण ऱ्हात्यात, म्हणून पाणी फेकत न्हाई. सवयच लागलीय."

त्याचे कान लाल झाले होते. आधी शिक्का न मारता माणूस नुसता बघितला तर इतका गोड दिसतो, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. मला तो फार आवडला.

मी आनंदात बाहेर आले, तर रोहनची आई चपला घालत होती!

"चला. ताईंस्नी आमचं स्थळ पसंत न्हाई."

"आवं, असं काय म्हणताय?" हे घाबरून उभेच राहिले.

"मगाधरनं मी एवढ्या खोड्या काढल्या, एका शब्दानं उलटून बोलल्या का? परक्यालाच माणूस एवढं गोड हसतंय! सोयरीक करायची असती, तर भांडल्या असत्या."

स्नेहल रडवेली होऊन ओरडली, "शपथ सुटली गं आई! बोल एकदाची!"

सकाळपासून तुंबलेलं सगळं बाहेर पडलं. "मीठ बरोबर हाय! पडदा ह्यांनी आणलाय, त्यांस्नी इचारा! आन् पोरगं लय गुणाचं हाय, पर किती वाळलंय वं? दुकानात त्याला कुणी जेवायला घालतंय का न्हाई?"

बाई थबकल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले. "मी तरी दुसरं काय म्हणतीया त्याला? फोनवर रोज इचारती, 'जेवलास का रं?'" मग चपला काढून त्या थेट माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या.

लग्न झालं. पोरं सुखात आहेत. स्नेहल म्हणते, "आई, तू लय बदललीस." खरंच आहे ते. आता मी एकटी कुणालाही नावं ठेवत नाही. दुपारी विहीणबाईंचा फोन आला की मग आम्ही दोघी मिळून ठेवतो.