आत्याची उजवी टाच

माझं पेणला मेडिकलचं दुकान आहे. कंबर धरली तर गोळी, सूज आली तर मलम... यापलीकडच्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता, हे आधीच सांगतो.

माझी आत्या रोह्याजवळच्या खांबची. ती पायाळू, म्हणजे जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. पाठीत उसण भरली की अशा माणसाचा पाय लावून घेतात. धाटावच्या कंपनीतले लोक शिफ्ट सुटली की तिच्या ओटीवर येऊन पालथे पडायचे. ती उजवी टाच तीनदा पाठीला लावायची, आणि पाय लागला म्हणून लगेच त्या पाठीलाच बोटं लावून नमस्कार करायची! मी तिला 'बिनडिग्रीची डॉक्टरीण' म्हणून चिडवायचो.

गेल्या वर्षी ती माळ्याच्या शिडीवरून पडली ती थेट उजव्या टाचेवर. हाडाचे चार तुकडे. पेणला आणली. प्लेट आणि स्क्रू बसवावे लागणार होते. सूज उतरून कातडीला सुरकुत्या पडल्याशिवाय चिरायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या आठ-दहा दिवसांत आत्या हटूनच बसली.

"टाचंत लोखंड घातलं तर गुण राहायचा नाय रे. मग माझ्या ओटीवर येल कोण?"

"गुणबिण काही नसतं गो आत्या. चालायचंय ना तुला?"

शेवटी माझ्या शब्दाखातर तिने सही केली. ऑपरेशन झकास झालं. पण पेणमध्येच रामवाडीला माझ्या घरी आणल्यावर ती गप्प झाली. नवरा नाही, मूलबाळ नाही... ओटीवर येणारी माणसं हाच तिचा गोतावळा होता, हे मला तेव्हा कळलं. फार वाईट वाटलं.

एका दुपारी तिला खुर्चीवरून पलंगावर ठेवताना माझ्याच पाठीत उसण भरली. तिला काही न बोलता मी बाहेरच्या खोलीत फरशीवर पालथा पडलो. श्वास घेववत नव्हता. थोड्या वेळाने पाठीवर टाच लागली — एकदा, दोनदा, तीनदा. मग बोटांचा हलका स्पर्श.

"आत्या, पाय टेकू नको!" ओरडत मी ताडकन उठलो. खोलीत कुणीच नव्हतं. बायको दुकानात होती. आत्या आत पलंगावर गाढ झोपलेली, पट्टीतला पाय दोन उशांवर. आणि माझी पाठ मोकळी!

आखडलेला स्नायू आपोआप सुटतो, असं डॉक्टर म्हणतात. सुटत असेल. पण ती टाच कुणाची, हे मला आजही सांगता येत नाही.

आत्या जागी झाल्यावर तिला सगळं सांगितलं. तिने पट्टीतल्या पायावरून हात फिरवला.

"मी नाय उठले रे... म्हंजे, गुण हाय अजून?"

"हाय गो आत्या," मी म्हटलं, आणि मलाच रडू फुटलं.